उणे अठरा आणि थोरल्या जाऊबाई

समोरासमोर मी तिला 'तुम्ही' म्हणते. जाऊबाई, चहा घेताय का, जाऊबाई, तुमची फाइल बघितली, असं सगळं रीतीला धरून. मनात मात्र ती 'ती'च असते. आता मनातलंच सांगायला बसलेय तर उगाच सभ्यपणा कशाला करू? ती म्हणजे ती.

आम्ही दोघी एकाच घरात दिल्या आहोत आणि एकाच कचेरीत कामाला आहोत. ती माझ्या आधी चार वर्षं तिथं होती. मला मुलाखतीला तिनंच बसवलं, वर्षभर शेजारच्या खुर्चीवर बघितलं, आणि मग आपल्या दिरासाठी माझ्या आईवडिलांकडे शब्द टाकला. म्हणजे नोकरी तिच्यामुळे आणि नवराही तिच्यामुळे. माणसावर एवढे उपकार असल्यावर त्याचा हेवा करायची सुद्धा चोरी होते. मी केलाच, ती गोष्ट वेगळी.

आमची कंपनी शीतपेट्यांचे कंट्रोलर बनवते. औषधांच्या गोदामात, दवाखान्यात मोठी फ्रीजरं असतात, त्यांच्या दारावर एक छोटा डबा असतो. आत किती थंड आहे ते तो दाखवतो, कॉम्प्रेसर कधी चालू कधी बंद ते ठरवतो, आणि काही बिनसलं तर गजर वाजवतो. त्या डब्यातल्या चिपसाठी आम्ही सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो. दारावर आकडे दाखवणं हे जाऊबाईकडे. कॉम्प्रेसर आणि गजर माझ्याकडे.

सी भाषेचं एक प्रमाण आहे. जाडजूड दस्तऐवज, कुठल्या ओळीचा काय अर्थ लावायचा, काय नक्की मिळेल आणि काय मिळेल याची खात्री नाही, सगळं त्यात कलमवार लिहिलेलं. आमच्याकडे बाकी कुणीही तो उघडून बघितलेला नव्हता. तिनं तो छापून, बांधून, त्याला खाकी कागदाचं कव्हर घालून टेबलावर ठेवला होता. हात पुसून उघडायची. तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "इथं चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही. उद्या दुसऱ्या चिपवर नेलं तरी तसंच चाललं पाहिजे, तेव्हा ते बरोबर." असं ती आवाज न चढवता, पेन्सिल कानावर खोचून सांगायची आणि मला वाटायचं, ते पुस्तक खिडकीतून खाली टाकावं.

मी कशी लिहायचे? भराभर. चाललं की पुढे. साहेब म्हणायचे, हिचा हात म्हणजे वारा आहे. चार दिवसांचं काम मी दीड दिवसात द्यायचे आणि उरलेले अडीच दिवस लोकांना हसवत फिरायचे. सगळ्यांना मी आवडायचे. पण रविवारी दुपारी जेवायला बसलं की फोन वाजायचा तो माझा. अमुक ठिकाणी पेटी अडकली, तमुक ठिकाणी बंद पडली. तिचा फोन कधीच वाजला नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. ती शांतपणे घास चावत असायची आणि सासूबाई म्हणायच्या, "थोरलीचं कसं नेटकं असतं बाई." आमचे हे त्यावर मान हलवायचे. स्वतःचा नवरा मान हलवतो तेव्हा काय होतं ते ज्याचं त्याला कळतं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

बरं, तिच्यात खोड काढावी तर तीही सापडायची नाही. कुत्सित बोलणं नाही, मिरवणं नाही. कपाटातल्या चादरी एका मापाच्या घड्या घातलेल्या. बरण्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या, आत काय आहे ते डोळ्यांना दिसतंय तरीसुद्धा. माझ्या मुलीला गणित सोडवायला मी बसवलं की दहा मिनिटांत दोघींचा आरडाओरडा, आणि तिच्याकडे गेली की हसत परत. पोरगी म्हणायची, काकू शेवटपर्यंत ऐकून घेते. खरंच घेते, त्याचाच तर मला राग यायचा.

आता सहा वर्षांपूर्वीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. आमच्याकडे एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासायचं अशी पद्धत आहे. कॉम्प्रेसरची माझी नवी फाइल तिच्याकडे तपासायला गेली. त्यात पेटीतलं तापमान मी 'कॅरेक्टर' जातीच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. हा सगळ्यांत छोटा कप्पा, चिपवर जागा कमी म्हणून तो वापरला. त्यात दोनशे छप्पन वेगवेगळे आकडे मावतात. पण ते शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचे धरायचे, की अर्धे उणे आणि अर्धे अधिक, हे प्रमाणानं ठरवलेलंच नाही. आपण लिहिलेलं चिपला कळेल असं करून देतो तो कंपायलर, ते त्याच्या बनवणाऱ्यावर सोडलंय. आमच्या चिपच्या कंपायलरवर उणे चालायचं. तिनं शेरा लिहिला की इथं शून्याखालचं तापमान येणार आहे, तर आधी 'साइन्ड' शब्द लावा, म्हणजे कुठंही नेलं तरी उणं ते उणंच राहील.

बैठकीत सगळ्यांसमोर तो शेरा निघाला. मी म्हटलं, "जाऊबाई, घरी तुम्ही मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिता ते ठीक आहे. इथं सगळ्यांना चव कळते." साहेबांसकट सगळे खो खो हसले. एकानं तर डोळे पुसले. ती पण हसली थोडीशी. शेरा खोडला आणि फाइल पुढे पाठवली. मी आठवडाभर त्या विनोदावर खूश होते.

मग चिपच बंद झाली. ती बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र आलं की हा माल वर्षअखेरपर्यंतच मिळेल. नवी चिप निवडली, तिचा कंपायलर वेगळा. साहेबांनी सांगितलं, सगळ्या फाइली नव्या चिपवर चढवा. आणि त्याच दमात हेही सांगितलं की हे झालं की नवं मोठं यंत्र करायचंय, एका कंट्रोलरवर बारा पेट्या, त्याची प्रमुख आमच्या दोघींपैकी एक असेल. बस. मला ते हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तिच्या देखत हवं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी तिनं तिच्या अकरा फाइली नव्या कंपायलरला दिल्या. दुपारच्या डब्याच्या आत चालू. एकही ओळ न बदलता. ती डबा खाऊन, टेबल पुसून, खिडकीतल्या कुंडीला पाणी घालून आली. माझ्या फाइलींना साडेतीन आठवडे लागले. मी धरून चालले होते की पूर्णांकाला अमुकच जागा असते, मोठ्या आकड्याचा अमुकच भाग आधी ठेवला जातो. प्रमाणात असं कुठं लिहिलंय, असं नवी चिप मला रोज विचारत होती. आणि ती? रोज संध्याकाळी बॅग उचलताना विचारायची, "मदत करू का गं?" मी म्हणायचे, नको, झालंच आहे. साडेतीन आठवडे झालंच होतं.

शेवटी सगळं चाललं. आमच्या चाचणीच्या खोलीतला फ्रीज जेमतेम अधिक दोनपर्यंत जातो. तिथं व्यवस्थित चाललं. शून्याखाली करून बघायला बाहेरची मोठी पेटी भाड्यानं आणावी लागते, त्यात आणखी आठवडा गेला असता. सहा वर्षं उण्यात चालतंय, आता काय होणार, असं म्हणून मी 'तपासलं' वर खूण केली.

पहिला डबा एका औषधांच्या गोदामात बसवला. उणे अठराला ठेवायचा होता. पाचव्या दिवशी तिथून फोन आला. पेटी उणे सदतीसवर जाऊन बसली होती आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता. आतल्या औषधांच्या खोक्यांवर छापलेलं होतं, उणे पंचवीसच्या खाली नेऊ नये. चाळीस खोकी टाकून द्यावी लागली. त्यातलं औषध कुणाला टोचलं गेलं नव्हतं, एवढंच नशीब. गजराचं काय, तर गजर पहिल्या मिनिटापासून 'फार गरम, फार गरम' म्हणून कोकलत होता. दारावर उणे अठरा स्वच्छ दिसत असताना गरम कसलं, म्हणून तिथल्या माणसानं त्याची वायरच काढून ठेवली.

फोन ठेवायच्या आधीच मला कळलं. दारावरचा आकडा तिचा, तो बरोबर. आतला हिशेब माझा. नव्या कंपायलरवर त्या छोट्या कप्प्यात उणं बसतच नव्हतं. उणे अठराचे दोनशे अडतीस होत होते. माझा बिचारा प्रोग्रॅम समजत होता की पेटीत भट्टी पेटलीय, आणि जीव तोडून थंड करत होता. त्या ओळीत एक शब्द कमी होता. कुठला, ते मला सहा वर्षांपूर्वी लिहून मिळालं होतं.

बैठकीत साहेबांनी ती ओळ पडद्यावर लावली आणि मशीनला विचारलं, ही कुणाची. आमच्याकडे प्रत्येक ओळ शेवटची कुणी बदलली त्याचं नाव मशीन सांगतं. नाव आलं जाऊबाईचं.

मी डोळे चोळून बघितलं. मग लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं की सगळ्या फाइलींमधल्या ओळींची सुरुवात सारख्या अंतरावर हवी. ते कंटाळवाणं काम तिनं घेतलं होतं, तीन आठवडे बसून केलं होतं. माझी ओळ तिनं चार जागा उजवीकडे सरकवली होती, बाकी काही नाही. पण शेवटचा हात तिचा.

साहेब तिच्याकडे बघत होते. ती पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हो, माझंच नाव आहे."

मी मूग गिळून गप्प बसले. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लाज नंतर वाटली, आधी आनंदच झाला. नऊ वर्षांनी तिच्या पांढऱ्या साडीवर डाग पडला होता आणि तो माझ्या हातानं पडला नव्हता, निदान दिसत तरी नव्हता. संध्याकाळी घरी मी भांडी घासताना गुणगुणत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, कुठं काय.

पण तो आनंद दोन दिवसही टिकला नाही. बायांनो, का ते ऐका. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले तर तिच्या टेबलाभोवती ही गर्दी. कुणी चहा आणून देतंय, कुणी म्हणतंय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, चुका कुणाकडून होत नाहीत. गोदामाकडच्या माणसानं सुद्धा म्हणे फोन करून सांगितलं, बाईंना म्हणावं, काळजी करू नका. अरे वा! मी इतक्या वर्षांत पंचवीस पेट्या बंद पाडल्या असतील, मला कुणी पाण्याचा ग्लास आणून दिला नाही. उलट, काय हो, पुन्हा का? आणि हिनं एक चूक केली, तीही न केलेली, तर हिचं कौतुक. सासूबाईंनी तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या चुकीवर!

पुढचे दोन दिवस मी कसेबसे काढले. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं होतं. त्यात थोडी लाज होती, नाही असं नाही. पण पाचव्या दिवशी मला साहेबांच्या खोलीत ढकललं ते जळफळाटानंच. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं. ती ओळ माझी आहे. त्यांनी फक्त सरकवली. उण्यात तपासलं नाही तेही मीच.

साहेब काही चकित झाले नाहीत. म्हणाले, जुनी नोंद मी त्याच दिवशी उलटून बघितली होती, मूळ ओळ तुमची हे मला माहीत आहे. मग काढली का नाही तिच्या नावावरून? तर म्हणे, तिनंच येऊन सांगितलं की ती तिच्याच नावावर राहू द्या. आणि मोठ्या यंत्रासाठी माझा विचार करू नका, धाकटीला द्या, असंही सांगून गेली. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर प्रमुख म्हणून माझं नाव टाइप केलेलं होतं.

मला जे हवं होतं ते मिळालं, आणि मिळालं ते तिच्या हातून. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. चुकीची कबुली द्यायला गेले तर तीही तिनं आधीच उचलून नेलेली. कागद तिथंच टाकून मी घरी आले.

ती गच्चीत होती, वाळलेल्या चादरी दोरीवरून काढत. मी जिना चढून धापा टाकत तिच्यासमोर उभी राहिले आणि जे तोंडात आलं ते बोलले. तुम्हाला मोठेपणा मिरवायचा असेल तर स्वतःच्या जिवावर मिरवा. नोकरी दिलीत, नवरा दिलात, आता चूकसुद्धा तुमचीच का? "ती माझी चूक आहे, जाऊबाई. मला ती परत द्या."

तिनं हातातली चादर खांद्यावर टाकली. म्हणाली, "मोठेपणा नाही गं. ती ओळ सरकवताना मी वाचली होती."

मला आधी कळलंच नाही. वाचली होती म्हणजे? ती म्हणाली, "प्रत्येक ओळ वाचत होते मी. ती दिसल्यावर थांबले. 'साइन्ड' लिहायला एक सेकंद लागला असता. हात कीबोर्डवर होता. मग तो हशा आठवला आणि मी म्हटलं, राहू दे. फुटेल एक दिवस, तेव्हा येईल माझ्याकडे." ती माझ्याकडे बघत नव्हती. "चिप बदलली तेव्हा तर मला पक्कं माहीत होतं. रोज तुला विचारायचे ना, मदत करू का. तू एकदा 'हो' म्हणाली असतीस तर सांगणार होते. तू म्हणाली नाहीस, आणि मलाही बरंच वाटत होतं. चाळीस खोकी गेली तेव्हा कळलं मी काय करून बसले."

मी कठड्यावर बसले. दोन वर्षं. मी हिच्या नावानं बोटं मोडत होते ते निदान घरादाराला ऐकू जात होतं. हिनं आतल्या आत, बरणीला झाकण लावून ठेवल्यासारखं जपलं होतं आणि वर चिठ्ठी सुद्धा लावली नव्हती. मी तिला विचारलं, त्या एका विनोदासाठी एवढं?

"विनोदासाठी नाही," ती म्हणाली. "सगळे हसले म्हणून. तू काहीही बोललीस की माणसं हसतात, तुझ्या बाजूला सरकून बसतात. आपल्या घरातसुद्धा. मघाशी मला चांगली म्हणणारे सगळे तू आलीस की मला विसरतात. मला एकदाही कुणाला हसवता आलेलं नाही गं. एकदाही."

मी तोंड उघडलं. जिभेवर तयार उत्तर होतं, चांगलं होतं, ती सुद्धा हसली असती कदाचित. पण ते मी बोलले नाही. तिच्याकडे बघताना पहिल्यांदा मला तिचा हेवा न वाटता नुसता राग आला, साधा, नेहमीचा माणसाचा माणसावर येतो तसा, आणि तो मला बरा वाटला. चाळीस खोक्यांत आम्हा दोघींचा हात होता. हे साहेबांना सांगायला उद्या दोघींनी जायचं, असं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली.

"आणि यंत्राचं काम मी घेणार आहे," मी म्हटलं. "नाही म्हणणार नाही, मला ते पहिल्यापासून हवं होतं. साहेब काढून घेतील तर घेऊ देत, मी आपणहून सोडणार नाही. पण माझी प्रत्येक ओळ तुम्ही वाचायची. आणि काही दिसलं तर तिथल्या तिथं बोलायचं, सगळ्यांसमोर."

"आणि तू पुन्हा हसलीस तर?"

नाही हसणार, असं मला म्हणता आलं असतं. पण इतकं सगळं झाल्यावर तिच्याशी खोटं बोलवेना.

"हसेन," मी म्हटलं. "तरी तुम्ही बोलायचं."

मग खांद्यावरची चादर काढून तिनं झटकली आणि तिचं एक टोक माझ्याकडे केलं.